किचनच्या जुन्या ड्रॉवरला पुश-टू-ओपन बसवताय? आधी चॅनल तपासा

हँडल काढून टाकायचं आणि नुसतं दाबून ड्रॉवर उघडायचा, तर ड्रॉवरच्या मागे स्प्रिंगचा पुश लॅच लागतो. दाबलं की खटका सुटतो आणि स्प्रिंग ड्रॉवर पुढे ढकलते.

मी तो सॉफ्ट-क्लोज चॅनलवर लावला आणि फसलो. लॅच बाहेर ढकलायचा, चॅनल आत ओढायचं, ड्रॉवर उघडेचना! शेवटी साधं चॅनल घातलं. दोन्ही सोयी हव्या असतील तर त्यासाठीच बनवलेलं चॅनल घ्या.

दर्शनी फळी दाबली जायला मागे साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट ठेवा. रुंद ड्रॉवरला दोन्ही बाजूंना लॅच लावा.

आणि हो, चुकून कंबर लागली तरी हा ड्रॉवर उघडतो. घरात लहान मूल असेल तर सुऱ्या त्यात नकोतच.