अंधेरी-कुर्ला रोड आणि कॅन्सरचं एक नॅनो-औषध

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याकडे जाताना खाली अंधेरी-कुर्ला रोड दिसतो. ट्रॅफिकला शिव्या देण्यापलीकडे या रस्त्याचं कोणी नाव काढत नाही. पण 2012 साली याच रस्त्यावर, अॅक्मे प्लाझामध्ये सन फार्माचं ऑफिस होतं, आणि अमेरिकेतले कॅन्सर पेशंट त्यांच्या एका औषधाची वाट बघत होते.

थोडं मागे जाऊ. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं जुनं औषध, रंगाने लालभडक. कॅन्सरच्या पेशी मारतं, पण हृदयालाही इजा करतं. त्यामुळे आयुष्यभरात एका माणसाला किती द्यायचं, यावरच मर्यादा असते. जेरुसलेमच्या बॅरनहोल्झ आणि गॅबिझॉन या संशोधकांनी ते चरबीच्या इवल्याशा फुग्यात भरलं. या फुग्याला म्हणतात लायपोसोम. आकार साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत असे शेकडो मावतील. त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण, जेणेकरून शरीरातल्या रक्षक पेशी त्याला लगेच पकडणार नाहीत. निरोगी रक्तवाहिनीतून हा फुगा सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात, तिथे तो झिरपतो. हृदयाचा त्रास बराच कमी झाला. तळहात-तळपाय सोलवटण्याचा नवा त्रास मात्र आला. 1995 मध्ये अमेरिकेत ‘डॉक्सिल’ला मंजुरी मिळाली. पहिलं नॅनो-औषध म्हणून याचंच नाव घेतात. आज चर्चेत असलेल्या नॅनोजेलमागेही हाच विचार आहे, फक्त चरबीच्या जागी पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं.

गंमत बघा, एवढं भारी औषध, पण बनवणारा कारखाना एकच, ओहायोमध्ये! 2011 मध्ये तिथलं उत्पादन अडकलं आणि पेशंट्सना वेटिंग लिस्टवर टाकायची वेळ आली. आम्ही इंजिनियर याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. सर्व्हर रिस्टार्ट करता येतो हो, अर्ध्यावर थांबलेली केमो कशी रिस्टार्ट करणार?

फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली, तेही तिथे त्याला रीतसर मंजुरी नसताना. वर्षभरात, फेब्रुवारी 2013 मध्ये, सनच्या जेनेरिकला पक्की मंजुरी मिळाली.

पुढे अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी जुन्या केसेस तपासून लिपोडॉक्स खरंच डॉक्सिलइतकं चालतं का, अशी शंका काढली. मला ती रास्त वाटते. आतलं औषध तेच असलं तरी फुगा जरा वेगळा बनला, तर ते शरीरात पोचण्याचा हिशेबच बदलतो.

सनचं ऑफिस नंतर गोरेगावला गेलं. ट्रॅफिक तिथेच आहे.