तीन मिनिटांचे ग्वाल्हेर

कोकणात पडाव म्हटले की शिडाचे गलबत डोळ्यांपुढे येते. ग्वाल्हेरीस पडाव म्हणजे मुक्काम. तेथील रेल्वे स्थानकानजीकच्या पडाव या वस्तीत आमचे तारुण्य गेले. १९६० नंतरच्या त्या दिवसांत घरोघरी चित्रपटगीतांचा सुकाळ होता. आम्हांस मात्र रामकृष्णबुवा वझे यांच्या एका जुन्या तबकडीचा लळा लागला. तिची खरखर ऐकून पाहुणे दुसरी लावण्याचा आग्रह धरीत. पण याच उपेक्षित तबकडीत कोकण आणि ग्वाल्हेर यांच्या ऋणानुबंधाचा पुरावा होता.

वझेबुवांचा जन्म १८७१ सालचा, सावंतवाडी संस्थानातला. गाण्याच्या ओढीने ते उत्तरेस गेले आणि ग्वाल्हेरीस निसार हुसेन खां यांच्या सेवेस राहिले. शिंद्यांच्या आश्रयाने हद्दू खां, हस्सू खां व नत्थू खां यांनी वाढविलेली ख्यालगायकी त्यांस तेथे लाभली. याच निसार हुसेन खांसाहेबांची तालीम शंकरराव पंडितांनाही मिळाली होती. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ साली ग्वाल्हेरीत गायनशाळा काढली व १९८९ पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात ही परंपरा जागती ठेविली.

बुवांनी ही विद्या दक्षिणेस आणली. ललितकलादर्श मंडळीच्या नाटकांस त्यांनी चाली दिल्या. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर त्यांचे शिष्य झाले. केरीच्या केसरबाई केरकर यांनीही काही काळ त्यांच्यापाशी धडे घेतले. सावंतवाडीहून निघालेला विद्यार्थी अशा रीतीने ग्वाल्हेर बरोबर घेऊन गोमंतकाच्या दारी परतला.

मैफलीत तासभर रंगणारा ख्याल तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळे. सावकाश बढत तेथे कोठून यावी? बुवांचा आवाजही लोक ज्यास गोड म्हणतात तसा नव्हे. तरीही बोलावरचा आघात, तानेचा जोर आणि समेवर येण्याची ऐट त्या अवधीत स्पष्ट उमटली आहे. कोण कोणाचा शिष्य, हे ग्रंथ सांगतात. शिष्याने नेमके काय उचलले, हे मात्र कानांनीच ऐकावे लागते.

लाखेच्या या तबकड्या ठिसूळ. हातातून निसटल्या की तुकडे. १९७० च्या सुमारास आपल्याकडे त्यांचे उत्पादन थांबले, आणि कित्येक घरांतून त्या भंगारात गेल्या. उरल्या त्या बहुतांशी संग्राहकांच्या आस्थेमुळे. देवळातील जुनी समई काळवंडली म्हणून आपण मोडीत काढीत नाही. घासूनपुसून पुन्हा लावतो. आपल्या माळ्यावर वडिलांच्या वेळची अशी एखादी तबकडी असेल, तर ती टाकण्यापूर्वी निदान एकदा ऐकावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.