लेकराचा फोटो आणि फोटोबाहेरची माय

बारसं असो, जावळ असो, बोरन्हाण असो की पहिला वाढदिवस, आज नांदेड-लातूरकडे यातलं एकही कार्य फोटोशिवाय होत नाही. आमच्या बचत गटानेही कर्ज काढून कॅमेरा घेतला आहे. त्याला नवी झूम लेन्स आहे आणि फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअरही आहे. हे काम हाती घेतल्यावर आम्हाला प्रश्न पडला, की लेकरांचे फोटो काढायची रीत आली कशी, आणि त्यात माय कुठे होती? आज त्याचाच इतिहास बघू.

फोटोची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि लवकरच हिंदुस्थानात पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण तेव्हा एका फोटोसाठी कित्येक सेकंद हलायचं नाही, अशी अट असे. मोठी माणसं श्वास रोखून बसत. लेकरू कसं बसणार? ते हललं की चेहरा पुसट.

इंग्लंड-अमेरिकेत त्यावर एक तोड निघाली. आईने अंगावरून कापड ओढून खुर्चीसारखं बसायचं आणि लेकराला मांडीवर घट्ट धरायचं. फोटोत लेकरू स्पष्ट दिसे, आई मात्र कापडाखाली. असे कितीतरी फोटो आजही जपलेले आहेत. लेकरू स्थिर राहिलं ते मायच्या हातांमुळे, पण माय फोटोत नाही!

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत राजा दीनदयाळ हे निजामाचे फोटोग्राफर. त्यांनी १८९२ साली तिथे खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आणि कारभार मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे. पडद्यातल्या बायांना परपुरुषासमोर न येता फोटो काढता यावा म्हणून ही सोय होती. म्हणजे कॅमेऱ्यामागे बाई असावी, ही गरज आपल्या जुन्या राजधानीत सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती. अर्थात ही सोय बड्या घरांची. खेड्यातल्या मायला फोटो परवडणारा नव्हताच.

पुढे कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली. वेळ सेकंदाच्या अंशावर आला. गावोगावच्या बाजारात स्टुडिओ निघाले. रंगवलेल्या पडद्यापुढे, काजळ-तीट लावून लेकराला बसवायचं, फोटोवाल्याने खुळखुळा वाजवायचा. दुरुस्ती तेव्हाही होती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून डाग झाकत, काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरत. पण त्याला हातातलं कसब आणि वेळ लागे, म्हणून दुरुस्ती बेताचीच होई.

साध्या कॅमेऱ्यांसाठी तयार झालेली पहिली झूम लेन्स १९५९ साली जर्मनीच्या फॉइग्टलेंडर कंपनीने बाजारात आणली. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली आलं. या दोन्ही गोष्टी आपल्या गावात पोचायला बरीच वर्षं लागली. झूमचा फायदा मोठा आहे. अगदी जवळ जाऊन फोटो काढला तर नाक मोठं दिसतं आणि लेकरू बुजतं. दहा पावलं लांब राहून झूम केलं, की ते आपल्या नादात खेळत राहतं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं तर धावतं लेकरूही स्पष्ट येतं. आता कोणाला घट्ट धरून बसावं लागत नाही.

पण इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी मायच्या मांडीवाचून लेकराचा फोटो निघत नव्हता. आता मायला पत्ताही न लागता तो लांबून निघू शकतो, आणि क्षणात शंभर मोबाइलवर जाऊ शकतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. कायदा राहू द्या, मायला विचारणं ही साधी रीत आहे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पोरीला जरा गोरं करा. गालबोटही काढून टाका." दोन बटणांचं काम आहे. पण दृष्ट लागू नये म्हणून मायनेच लावलेली तीट आपण पुसायची, आणि देवाने दिलेला रंग बदलायचा? तीन वर्षांच्या पोरीला आपण काय शिकवतो, की तू आहेस तशी फोटोत चालत नाहीस?

याचं मोल लातूरकरांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची घरं कोसळली, माणसांबरोबर पेट्या आणि भिंतीवरच्या चौकटीही गाडल्या गेल्या. त्या रात्री जिचं लेकरू गेलं, तिला ढिगाऱ्यातून त्याचा एखादा फोटो सापडला असेल, तर ती त्यात काय शोधेल? गोरा रंग नाही. त्याचा तीळ, त्याचं वाकडं हसू, पडून झालेली कपाळावरची खूण. ते पुसलेलं असेल तर तो फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे. उजेड-अंधार दुरुस्त करू, मागचा पसारा झाकू, पण रंग आणि खुणा बदलणार नाही. मायला विचारल्याशिवाय फोटो कुठे पाठवणार नाही. यात एखादं गिऱ्हाईक तुटतं, ते आम्ही सोसतो. आणि प्रत्येक कार्यात एक फोटो माय आणि लेकराचा एकत्र काढतो, त्याचे पैसे घेत नाही.

मैत्रिणींनो, फोटो काढताना मोबाइल बहुतेक वेळा आपल्याच हातात असतो, म्हणून घरच्या फोटोंत आपण नसतो. पुढच्या बोरन्हाणाला तो दुसऱ्या कोणाच्या हाती द्या, आणि लेकराला मांडीवर घेऊन बसा.