सनद ट्रामची, वहिवाट मोटारीची

मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १८६२ नंतरच्या काही वर्षांत, जमीनदोस्त झाली, तेव्हा अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट या तीन दरवाजांबरोबरच शहराच्या मध्यभागी कोणी, केव्हा आणि कोणत्या वाहनाने शिरावे हे ठरविण्याचे एक जुने साधनही नाहीसे झाले. गोविंद नारायण माडगांवकरांनी आपले ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले ते १८६३ साली, या स्थित्यंतराच्या ऐन उंबरठ्यावर. आणि त्या काळचा कोट हा घोड्याच्या बग्ग्या, शिग्रामे, बैलांचे रेकले, कापसाचे खटारे आणि पायी चालणारी असंख्य रयत यांनी गजबजलेला होता. ज्याच्या पदरी घोडा त्याने रस्त्याच्या मधून जावे आणि इतरांनी भिंतीला अंग चोरून उभे राहावे, हा त्या वेळचा अलिखित कायदा, आणि तो मोडण्याचे काम पहिल्याने केले ते ट्रामने.

वास्तविक १८६५ सालीच एका अमेरिकन कंपनीने घोड्यांची ट्राम चालविण्याचा परवाना मागितला होता व तो मिळालाही होता. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाच्या सट्ट्यावर उभी राहिलेली मुंबईची श्रीमंती पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली आणि तिच्याबरोबर ती तजवीजही बारगळली. पुढे १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली. ती कंपनी, नगरपालिका आणि स्टर्न्स व किटरेज ही पेढी यांच्यामध्ये करारनामा झाला. त्या करारनाम्याला आधार म्हणून मुंबई इलाख्याच्या सरकारने १८७४ चा ट्रामवे कायदा केला. आणि इतके सगळे दस्तऐवज सिद्ध झाल्यावरच ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत, व बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत, घोड्यांची ट्राम धावू लागली. पदरी नऊशे घोडे होते असे सांगतात. भाडे तीन आणे, आणि तिकीट नाही. लोकांची रीघ लागली तेव्हा भाडे दोन आण्यांवर आणले गेले, आणि फुकट्यांची रीघही तितकीच वाढली तेव्हा त्याच वर्षी तिकिटे सुरू करावी लागली.

या करारनाम्यात एक कलम मोठे मार्मिक होते. काही मुदतीनंतर संपूर्ण ट्रामव्यवहार विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेने स्वतःकडे राखून ठेवला होता व ती मुदत १९०१ मध्ये भरत होती. कंपनीने १८९९ साली विजेच्या ट्रामची परवानगी मागितली तेव्हा, एवढे भांडवल घालायचे तर पालिकेने आपला हक्क सोडावा, असा आग्रह तिने धरला, आणि त्यातून उद्भवलेल्या वाटाघाटी चांगल्या सहा वर्षे चालल्या. अखेर १९०५ साली नवी सनद झाली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही नवी कंपनी अस्तित्वात आली, आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम रस्त्यावर उतरली. चार माणसांना एका डब्यात बसवून रस्त्याने न्यायचे, तर त्यासाठी कायदा, करार, परवाना आणि मुदत यांची केवढी ही उतरंड! तिला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण सार्वजनिक रस्ता ही सर्वांची मिळकत आहे आणि तिच्यावर रूळ टाकणाऱ्याने सर्वांना जाब दिलाच पाहिजे.

नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस याच रस्त्यांवर मोटारगाडी आली. तिच्या मालकाला नोंदणी करावी लागे, पुढे चालकाला परवाना लागू लागला, १९११ पासून भाड्याच्या टॅक्सीही फिरू लागल्या. परंतु एका माणसाने, किंवा फार तर दोघांनी, कोटातील रस्त्याचा अमुक इतका भाग व्यापावा आणि कामकाज आटोपेपर्यंत तो अडवून ठेवावा, असा करार ना कोणी केला ना कोणी मागितला. ट्राम आली ती सनदेने. मोटार बसली ती वहिवाटीने. आणि आपल्याकडे जमिनीचे कज्जे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे ठाऊकच आहे की सनद रद्द करता येते, पण वहिवाट मोडताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

विजेची ट्राम ही त्या काळी गोरगरिबांचे वाहन ठरली. पुढे उभा राहून मोटरमन एका हाताने कळ फिरवी आणि पायाने घंटा बडवी. मुक्कामाला पोचल्यावर कंडक्टर खाली उतरून दोरीने दांडा तारेवरून सोडवी, गाडीला वळसा घालून तो दुसऱ्या टोकास तारेला टेकवी, आणि मग जे शेपूट होते तेच डोके होऊन गाडी आल्या वाटेने परत निघे. वळण्यासाठी तिला चौकातील एक हातही अधिक जागा लागत नसे. गर्दी आवरेना तेव्हा १९२० च्या सप्टेंबरात दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुरू झाली, पण पुढे कित्येक वर्षे बस हे पांढरपेशांचे, त्यातही सुस्थितीतल्यांचे वाहन समजले जाई. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामने दीड आणा पडे, तर त्याच प्रवासाला बसचे चार आणे मोजावे लागत. आज बसच्या रांगेकडे मोटारीच्या काचेतून पाहणाऱ्यांना हे सांगूनही खरे वाटणार नाही. बस सर्वांची झाली ती पुढे: १९३७ साली दुमजली बस आली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, पालिकेने सारा कारभार विकत घेतला. १९०१ साली हुकलेला हक्क असा शेहेचाळीस वर्षांनी वसूल झाला.

ज्या पालिकेने एवढ्या प्रतीक्षेने ट्राम मिळविली तिनेच पुढच्या सतरा वर्षांत ती मोडीत काढावी, यामागची कारणे अगदीच पोकळ होती असे मात्र नाही. रूळ आणि डबे झिजले होते. लोकलगाड्या सुधारल्यामुळे लांबचे उतारू तिकडे वळले होते. प्रवाशाला भर रस्त्यात उतरून दोन्ही बाजूंच्या वाहनांतून जीव मुठीत धरून पदपथ गाठावा लागे. पण ट्रामवरचा मुख्य आरोप होता तो अडथळ्याचा, आणि तो आरोप कोणी कोणावर करायचा याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. रुळांवर काही उभे राहिले तर ट्रामला बगल देता येत नाही, हे तिचे व्यंग. परंतु काळबादेवीसारख्या अरुंद रस्त्यावर रुळांवर उभे राहते ते दुसरेच कोणीतरी, आणि खोळंबतात त्या डब्यातली माणसे. साठ-सत्तर माणसे नेणारी दुमजली बस दोन-तीन मोटारींची जागा घेते हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. मात्र चौकात उभ्या राहिलेल्या हवालदारापुढे माणसे येत नाहीत, वाहने येतात, आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्यात बस एक आणि मोटारही एकच.

३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. ती खचाखच भरली होती, आणि तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती; गर्दी खेचण्याची ताकद तिच्यात अखेरपर्यंत होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते. त्याच सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागारांच्या मंडळींनी मुंबईच्या वाहतुकीची पाहणी करून शहराच्या पूर्व आणि पश्चिम कडांनी द्रुतगती मार्ग सुचविले होते, आणि ट्राम गेल्यावर साधारण वर्षभरात, १९६५ साली, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल उभा राहिला. या क्रमाला योगायोग म्हणून सोडून देणे मला जड जाते. तारेवर चालणारी, धूर न सोडणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी सुरू झाली होती. तीही १९७१ साली बंद पडली. सनदेने आलेली वाहने अशी ठरावांनी एकामागून एक गेली.

पुढे २००२ साली मोहम्मद अली रस्त्यावर जवळजवळ अडीच किलोमीटरांचा पूल झाला, तो जे. जे. रुग्णालयापासून थेट बोरीबंदराच्या बाजूला उतरतो. ज्याला भेंडीबाजारात किंवा पायधुणीला काही काम नाही तो वरून जातो. जिला थांब्याथांब्यावर माणसे घ्यायची आहेत त्या बसला हातगाड्या, टॅक्सी आणि दुकानांपुढे लावलेल्या मोटारी यांतून वाट काढीत खालूनच सरकावे लागते, आणि ती सरकते तो रस्ता १८७४ मध्ये घोड्याच्या ट्रामने गाठलेल्या पायधुणीवरूनच जातो. तिथे बससाठी रस्त्याची एक पट्टी राखून ठेवायची असे उद्या कोणी मनात आणले, तर वाहतूक पोलिसांचा अभिप्राय, पालिकेची मंजुरी, हरकती-सूचनांची मुदत आणि व्यापाऱ्यांची निवेदने हे सारे सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील; त्याच पट्टीत सकाळी लावून ठेवलेल्या मोटारीला मात्र कोणी कागद विचारणार नाही, विचारलाच तर तासाच्या भाड्याची पावती.