पाकळीतून पाकळी : आपल्या लसणाच्या बेण्याची गोष्ट

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताई, मावशी आणि नव्यानं गटात आलेल्या सुनांनो, आज आपण लसणाचा इतिहास पाहू. राजांचा इतिहास पुस्तकात असतो. लसणाचा मात्र आपल्या आढ्याला टांगलेल्या जुडीत आहे.

मेथीचं बी धरता येतं, वांग्याचं धरता येतं, दोडका वेलावर वाळवला की झालं. लसणाचं तसं नाही. आपल्या शेतात लसणाला बी धरत नाही. लावायची ती पाकळीच. त्या पाकळीचा गड्डा होतो आणि त्यातल्या पाकळ्या पुढच्या वर्षी पुन्हा मातीत जातात. म्हणजे एका वर्षी सगळा लसूण खाऊन टाकला, तर त्या घरातलं बेणं तिथंच संपलं. आज आपण जी पाकळी सोलतो, ती इथवर आली कारण दर वर्षी कुणीतरी थोडा लसूण न खाता बाजूला ठेवला.

लसणाचं मूळ मध्य आशियातल्या डोंगराळ भागात आहे. तिथून तो वाऱ्यानं उडून आला नाही की पाखरानं टाकला नाही. माणसांनी गाठोड्यात बांधून, गावोगाव लावत आणला. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथं एक जुनं संस्कृत हस्तलिखित सापडलं. बॉवर हस्तलिखित म्हणतात त्याला. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. त्याची सुरुवातच लसणाच्या गुणांनी होते. पण त्यात असंही आहे की लसूण राक्षसाच्या रक्तातून उगवला, म्हणून ब्राह्मणांनी तो खाऊ नये. मग त्यांना गुण मिळायचा कसा? तर गाईला उपाशी ठेवायचं, लसूण खाऊ घालायचा आणि तिचं दूध घ्यायचं! औषध हवं, पण नाव नको.

काश्यपसंहिता हा बाळ आणि बाळंतिणीचा जुना वैद्यकग्रंथ. त्यात दुसरी गोष्ट आहे. इंद्रानं शचीला अमृत पाजलं, तिला ढेकर आला आणि अमृताचा थेंब अस्वच्छ जागी पडला. त्यातून लसूण झाला. म्हणून गुण अमृताचा आणि वास असा. संस्कृतात लसणाला रसोन म्हणतात. सहा रसांपैकी एक, आंबट, त्यात कमी आहे, म्हणून रस-ऊन.

पुढे हा वास कुणी खायचा आणि कुणी नाही, यावर समाजानं रेघा ओढल्या. आषाढात कांदेनवमी झाली की चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण बंद होतो. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण काही उच्चवर्णीय घरांत विधवेला कांदा-लसूण जन्मभर वर्ज्य असे. तिच्या ताटात काय पडावं, हे तिला कुणी विचारत नसे. कष्टकऱ्यांच्या घरात मात्र लसूण भाकरीसोबत राहिला. तेराव्या शतकात, आपल्या भीमेच्याच खालच्या अंगाला, अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. त्यांच्या अभंगात लसणालाही जागा आहे.

मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात आली. त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांच्या पाट्यावर तिखटपणाला मिरी, आलं, मोहरी आणि लसूण. मिरी विकत घ्यावी लागे, लसूण घरचा. शाळूची भाकरी आणि लसणाची चटणी, पौषात हुरड्याबरोबर तीच चटणी, हे आपल्या भागाचं जेवण त्यातूनच घडलं. पाट्यावर वाटण्यातही अर्थ आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतली दोन द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि उग्रपणा तयार होतो. म्हणून लसूण ठेचून थोडा वेळ ठेवावा, मग फोडणीत टाकावा. एक मात्र लक्षात ठेवा. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर लसणावर भरवसा ठेवून ती बंद करू नका. आणि कच्चा लसूण बाळाच्या अंगाला चोळू नका, कातडी भाजते.

मग हे बेणं आपल्या घरांतून गेलं कसं? लसणाला पूर्वी वेगळं शेत नसे. कांद्याच्या वाफ्याच्या वरंब्यावर, पाटाच्या कडेला, मोटेच्या पाण्यावर तो लावला जाई. ती कड बाईच्या ताब्यात असे. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं, मुठेचा उजवा कालवा दौंडकडे आला. नंतर शिरूरला घोड आणि चासकमानचं पाणी आलं, साखर कारखाने आले. उसानं पैसा दिला, हे खरंच. पण सलग उसात वाफा गेला आणि वाफ्याची कडही गेली. उसाचं बिल बहुतेक घरांत मालकाच्या खात्यावर येतं; कडेचा लसूण बाईचा होता. आता बैठकीत विचारलं की बहुतेकजणी सांगतात, लसूण बाजारातून. तिथं येणारा बराच माल मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थानचा. २०२४ मध्ये किरकोळीत किलोला चारशे रुपये भाव झाला, तेव्हा आपण पाकळ्या मोजून फोडणी दिली.

बेणं परत आणणं अवघड नाही. राजगुरुनगरला १९९८ पासून केंद्र सरकारची कांदा-लसूण संशोधन संस्था आहे. तिथल्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल या लसणाच्या जाती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची गोदावरी आहे. आणि एखाद्या आजीकडे गावरान बेणं अजून टिकलेलं असेल, तर ते आधी शोधा.

हिशोब साधा आहे. घरात महिन्याला किलोभर लसूण लागतो असं धरलं, तर वर्षाला बारा किलो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्यात वीतभरापेक्षा कमी, म्हणजे १५ बाय १० सेंटिमीटरवर, साधारण सहाशे पाकळ्या बसतात. एका गड्ड्याचं वजन वीस ग्रॅम धरलं तरी बारा किलो होतात. बेणं लागेल किलोभर. ऑक्टोबरमध्ये गड्ड्याच्या बाहेरच्या जाड पाकळ्या निवडा, टोक वर ठेवून दोन बोटं खोल लावा. चार महिन्यांनी पात पिवळी पडून मान टाकू लागली की पाणी तोडा, मग पंधरा-वीस दिवसांनी काढा. पातीसकट सावलीत सुकवा, जुड्या बांधा, वारा लागेल तिथं टांगा. जागाच नसेल तर जुन्या घमेल्यात पाकळ्या लावा. गड्डा नाही तरी पात मिळेल.

काढणीच्या दिवशीच सर्वांत चांगले गड्डे वेगळे करा. बेण्याच्या जुडीला लाल दोरा बांधा, म्हणजे घाईत कुणी ती फोडणार नाही. गटात बेण्याचीही बँक करता येईल. किलो नेलेल्या बाईनं पुढच्या वर्षी सव्वा किलो परत द्यायचा. पूर्वी सावकार धान्य सवाईनं द्यायचा आणि वाढावा त्याच्या कणगीत जायचा. आपली सवाई आपल्याच गटातल्या पुढच्या बाईला मिळेल.

या महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीत एक पान लसणासाठी ठेवा. कुणाकडे बेणं आहे, किती आहे, कुठून आलं, हे लिहून काढा. आजवर या बेण्याचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही. तो तुमच्या वहीपासून सुरू होऊ द्या.