मोठ्या फुंकणीचा मोह

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. बहिणीकडे जेवण झाले, ओवाळणीचे तबक आत गेले आणि विडा तोंडात टाकून मी आरामखुर्चीत जरा टेकतो न टेकतो तोच भाचा शेजारी येऊन बसला. हातात एक कागद होता. त्यावर दोन टर्बोंचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले. एक लहान, एक मोठा. "मामा, तुमचा जन्म इंजिनांत गेला. तुम्हीच सांगा. मी मोठाच घ्यावा म्हणतो. गॅरेजवाला म्हणतो, गाडीचा जोर जवळजवळ दुप्पट होईल."

त्याची गाडी दोन लिटर इंजिनाची, पेट्रोलवर चालणारी. आठवड्यातले पाच दिवस ती कचेरीच्या वाटेवर सिग्नलपाशी उभी राहते, आणि उरलेले दोन दिवस घाट चढते. मी म्हटले, "अरे, हा प्रश्न तुझ्याआधी फार मोठ्या मोठ्या माणसांना पडला आहे. त्यांनी काय काय केले ते आधी ऐक, मग कागद पुढे कर."

वाचकांपैकी ज्यांचा यंत्रांशी संबंध मिक्सरपुरताच असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिनात जितकी हवा शिरेल तितकेच इंधन नीट जळते. चुलीतला जाळ फुंकणीने वाढतो, त्यातलाच हा प्रकार. आता ही फुंकणी चालवायची कोणी? इंधनातली सुमारे तिसरा हिस्सा शक्ती धुरावाटे फुकट जाते. त्या तापलेल्या धुराच्या वाटेवर एक चाक बसवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक, आणि या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरायची. पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन शंखांसारखे हे यंत्र दिसते. आतली चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. जाणाऱ्या श्वासाने येणारा श्वास ओढावा, अशी ही युक्ती.

ती सुचली स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर गावच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियराला. १९०५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने तिचे पेटंट घेतले. पण कल्पना आणि यंत्र यांच्यामध्ये तब्बल वीस वर्षे गेली. कारण धुराचा ताप सोसणारे पोलाद आणि ती गती सोसणारे बेअरिंग सहज मिळत नव्हते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्त्सिग' या दोन जर्मन उतारू जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ब्यूखीची रचना बसली, आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० देऊ लागले. ही दोन्ही नावे मी भाच्याला मुद्दाम सांगितली. जहाजाचे इंजिन तासन् तास एकाच गतीने चालते. त्याच्यासाठी टर्बो निवडणे सोपे. काम एकच, फुंकणी एकच.

विमानांचेही तसेच. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस यांनी यावर टर्बोचा उपाय योजला. १९१८ साली मॉस एक लिबर्टी इंजिन मालमोटारीवर चढवून कोलोराडोतल्या पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, १४ हजार फुटांवर, घेऊन गेला. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तिथे २३० वर आले होते. टर्बो जोडताच ३५६ वर गेले. डोंगरमाथ्यावर इंजिनाला पुन्हा समुद्रकाठची हवा मिळाली! पण वैमानिकालाही सिग्नलपाशी थांबावे लागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

रस्त्यावरची मोटार मात्र घडीघडीला थांबते, सुटते, दमते, पळते. खरी पंचाईत इथे सुरू झाली. पहिला धडा शर्यतीच्या मैदानावरचा. १९५२ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियन हा तिचा चालक. निवड फेरीत त्याने सर्वांना मागे टाकून पहिली जागा पटकावली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र एकाहत्तराव्या फेरीला गाडी बाद झाली. का? तर टर्बोत हवा शिरण्याचे तोंड खाली, नाकाशी होते, आणि रस्त्यावर उडणारा टायरच्या रबराचा चुरा त्यात अडकला. (याच कमिन्सचे नाव १९६२ साली किर्लोस्करांच्या जोडीने पुण्यात कोथरूडला आले, कित्येक पुणेकरांची घरे त्या कारखान्यावर उभी राहिली.)

त्याच १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी घरगुती गिऱ्हाइकांसाठी निघाली. साडेतीन लिटरचे इंजिन, २१५ अश्वशक्ती. दाबलेली हवा तापते. ती फार तापली, की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच इंधन आपोआप पेट घेते आणि इंजिन आतून हातोडे मारल्यासारखे ठोकू लागते. ते टळावे म्हणून या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी होती. मालकाने ती भरत राहायची. पण टाकी भरण्याची आठवण कुणाला राहते? टाक्या रिकाम्या पडल्या, तक्रारी वाढल्या, आणि १९६५ साली कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. रोज ज्याची निगा राखता येणार नाही असा जोर घरात आणू नये, हा दुसरा धडा.

तिसरा धडा भाच्याच्या अगदी कामाचा. १९७३ साली बीएमडब्ल्यूने '२००२ टर्बो' काढली. दोन लिटर, १७० अश्वशक्ती. पुढच्या पट्टीवर 'टर्बो' हे अक्षर उलटे रंगवून मिळे. हेतू हा, की पुढच्या गाडीवाल्याने आरशात ते सुलटे वाचावे आणि वाट सोडावी. पण इंजिन साडेतीन-चार हजार फेऱ्यांवर जाईपर्यंत टर्बो झोपलेला, आणि जागा झाला की एकदम लाथ. त्यातच तेलाचे संकट आले. १६७२ गाड्या बनवून प्रकरण मिटले. पाठोपाठ पोर्शची '९११ टर्बो' आली. तीन लिटर, २६० अश्वशक्ती. तिलाही हीच खोड होती. वळणावर पाय दाबला तर आधी काही नाही, आणि वळण संपायच्या आत सारा जोर मागच्या चाकांवर. लोकांनी तिला 'विधवा करणारी' असे नाव ठेवले.

ही जी मधली झोप, तिला मोटारवाले 'लॅग' म्हणतात. तिचे कारण साधे आहे. मोठे चाक फिरवायला जड. एकाच घाटाच्या दोन चाकांत व्यास दीडपट केला, की फिरण्याला होणारा विरोध दीडपट नव्हे, सुमारे साडेसातपट होतो. कागदावर बोटभर दिसणारा फरक रस्त्यावर असा अंगावर येतो.

यावर शहाणपणाची वाट काढली ती स्वीडनमधल्या साब कंपनीने. पेर गिलब्रांड या तिच्या इंजिनियराने उलटा विचार केला. कमाल आकडा किती हे न विचारता, माणूस गाडी कोणत्या गतीने सर्वाधिक चालवतो, हे त्याने विचारले. त्याने लहान टर्बो घेतला, म्हणजे तो लवकर जागा होईल. वरच्या गतीला तो अति हवा भरील, म्हणून त्याला 'वेस्टगेट' जोडले. धरणाला सांडवा असतो तसे. ठरलेल्या दाबापलीकडचा धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. १९७७ साली पुढे आलेल्या 'साब ९९ टर्बो'ची शक्ती १४५ च होती, बीएमडब्ल्यूहून कमी. पण ती ३००० फेऱ्यांवरच आपला सर्वाधिक पीळ देई. घरोघरच्या गाड्यांत टर्बो टिकला तो याच वाटेने. सांडवा साबने शोधला नव्हता. धरण किती मोठे बांधायचे, ते त्यांना कळले होते.

भाचा म्हणाला, "पण हल्लीचे टर्बो तसे राहिले नाहीत, मामा." खरे आहे. आता पाती धुराप्रमाणे वळतात, बेअरिंगे हलकी झाली, दाबलेली हवा थंड करणारे इंटरकूलर आले. पण हिशेब तोच आहे, आणि तो मी त्याला त्याच्याच कागदाच्या पाठीवर करून दाखवला. दोन लिटरचे इंजिन ६००० फेऱ्यांना मिनिटात ३००० वेळा पोट भरते. म्हणजे सेकंदाला १०० लिटर हवा. २००० फेऱ्यांना तिचा तिसरा हिस्सा. टर्बोला या दोन्ही टोकांना पुरे पडायचे असते. फार मोठा घेतला तर खालच्या टोकाला हवा इतकी थोडी असते, की दाबलेली हवा उलटी फिरते आणि चाक धडधडते. याला 'सर्ज' म्हणतात. फार लहान घेतला तर वरच्या टोकाला गळा आवळतो. प्रत्येक टर्बोचा नकाशा मिळतो. त्यावर आपल्या गाडीचे दोन्ही बिंदू मांडावेत, आणि मधला रोजचा रस्ता कुठून जातो ते पाहावे. आकडा सर्वांत शेवटी वाचावा. शिवाय हवा वाढली की इंधन वाढवायला हवे, तेल स्वच्छ हवे, क्लच आणि ब्रेक त्या जोराचे हवेत. टर्बो एकटा कधीच घरात येत नाही. तो सारा गोतावळा घेऊन येतो.

इथवर इतिहास झाला. पण भाचा अजून त्या मोठ्या आकड्याकडेच पाहत होता. तेव्हा जी गोष्ट मी घरात कधी नीट सांगितली नव्हती, ती सांगितली.

वीसेक वर्षांपूर्वी मीही एका गॅरेजात माझ्या गाडीला मोठा टर्बो बसवून घेतला होता. मला हे सारे ठाऊक असून! त्या वर्षी गणपतीहून परतताना कशेडी घाटात, पावसात, पुढे एक ट्रक रांगत होता. शेजारी वडील बसलेले. मी बाहेर काढली आणि पाय दाबला. काही झाले नाही. एक क्षण, दोन क्षण. समोरून उतरणाऱ्या एस.टी.चे दिवे दिसले, आणि त्याच वेळी सारा जोर एकदम आला. आम्ही वाचलो, पण त्यात माझ्या हुशारीचा काही भाग नव्हता. घाट संपल्यावर इंजिन ठोकू लागले. पुढे उघडले तेव्हा एका पिस्टनचा माथा वितळलेला निघाला. हवा वाढवली होती, इंधन त्या मानाने वाढले नव्हते. वडील त्या रात्री काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते माझ्या गाडीत पुढच्या आसनावर कधी बसले नाहीत.

माझी बहीण दारात उभी राहून ऐकत होती, हे मला नंतर कळले.

जाता जाता मी भाच्याला आणखी एक आठवण दिली. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. म्हणून आधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी यांना विचारावे, मग गॅरेजाची पायरी चढावी.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, त्या गॅरेजवाल्याला मी विचारलं, मोठा टर्बो दोन हजार फेऱ्यांवर काय देईल? तो म्हणाला, असं आजवर कुणी विचारलंच नाही." मी विचारले, "मग?" "मग काय, दोन्ही कागद घेऊन परत आलो. आधी ब्रेक आणि टायर बघतो. पुढच्या महिन्यात आईला घेऊन कोकणात जायचंय."

या भाऊबीजेला मी त्यांच्याकडे जाईन, तो त्याच्या गाडीने. पुढच्या आसनावर बसेन म्हणतो.