दुखत नसताना घ्यायची गोळी



हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारात आल्या, की आमच्या तोंडवलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माका काय्येक झाला नाय, मगे गोळी कित्याक खावची?" आम्हीही हेच म्हणायचो. ताईंना "जेवल्यावर घेतो" सांगायचं आणि गोळ्या फळीवर ठेवून द्यायच्या. राज्यातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत आपल्या सिंधुदुर्गाचं नाव आहे. म्हणून या गोळ्या आल्या कुठून आणि अंगात जाऊन करतात काय, हे आज समजून घेऊया.

जंतावरचं औषध आपल्याला नवं नाही. तान्ह्या मुलाला वावडिंग घालून उकळलेलं दूध आपल्या आज्या देत आल्या. वैद्य पळसाच्या बिया देत. पण ही औषधं पोटातल्या जंतांसाठी होती. हत्तीरोगाची कृमी पोटात नसतेच. ती दोऱ्यासारखी बारीक असते आणि अंगातल्या रसवाहिन्यांत राहते. तिची पिल्लं रक्तात फिरतात. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस या डॉक्टरांनी ती माणसाच्या रक्तात पाहिली. १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन यांना चीनमध्ये ती डासाच्या अंगात वाढताना दिसली. ही पिल्लं रात्री रक्तात जास्त येतात, म्हणूनच रक्त तपासायला माणसं रात्रीची येतात.

एवढं कळूनही चांगलं औषध हाती यायला १९४७ साल उजाडलं. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करत होते. तिथे त्यांच्या सहकाऱ्यांनी डीईसी हे औषध शोधलं. १९५५ साली भारतात हत्तीरोग नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००४ पासून ही गोळी वर्षातून एकदा घरोघर देण्याची मोहीम आली. पुढे तिच्या जोडीला अल्बेंडाझोल आलं.

या दोन गोळ्यांचं काम वेगवेगळं आहे. डीईसी पिल्लांना थेट मारत नाही. ती त्यांना उघडं पाडते, मग आपल्याच रक्तातल्या पेशी त्यांना पकडून संपवतात. पिल्लं मरताना कुणाला ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं. आम्हाला वाटायचं, गोळी बाधली. खरं तर बहुतेक वेळा ती लागू पडल्याची खूण असते. त्रास जास्त वाटला तर आरोग्य केंद्रात जायचं.

अल्बेंडाझोल जंताची उपासमार करतं. जंताच्या पेशींत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. औषध तो बांधू देत नाही, म्हणून जंताला साखर शोषता येत नाही. आपल्या पेशींवर हे औषध फारसं चिकटत नाही, म्हणून आपण वाचतो. माडाच्या बागेत अनवाणी फिरताना पायातून शिरणारा, रक्त पिऊन पंडुरोग आणणारा अंकुशकृमीही याच गोळीने जातो.

मग दरवर्षी कशाला? कारण मोठी कृमी या गोळ्यांनी सगळी मरत नाही. ती पाच-सहा वर्षं किंवा जास्तही जगते आणि पिल्लं घालत राहते. रक्तातली पिल्लं दरवर्षी कमी केली, तर डासाला न्यायला काही उरत नाही. एका घराने गोळी फळीवर ठेवली, तर डास तिथून घेऊन शेजारच्या घरात देतो.

दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं यांनी गोळी घ्यायची नाही. बाकीच्यांनी जेवून, ताईंसमोरच घ्यायची.

सुजून जाड झालेला पाय मात्र गोळीने पूर्ववत होत नाही. तो रोज साबण-पाण्याने धुवायचा, पुसून कोरडा ठेवायचा. अशी एखादी बाई लाजेने पाय लुगड्याखाली लपवून बसते. कधीकाळी तिलाही काहीच दुखत नव्हतं. यंदा ताई आल्या, की आम्ही तिची आठवण ठेवून हात पुढे करणार आहोत. तुम्हीही करा.